बदक बुडतंय!

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी वाटी आहे. माझ्या काठाचा टवका उडालेला आहे आणि तळाशी एक पिवळे बदक आहे. ते दिसायला फार गोड आहे. त्या गोडव्यापायीच पुढचे सगळे घडले, म्हणून स्वतःचे कौतुक सांगताना मी जरा चाचरते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला वाळवले, भाजले, आणि मग रंगकाम करणाऱ्या बाईंनी बारीक कुंचल्याने माझ्या तळाशी बदक काढले. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "अगं, तळाशी कशाला? अन्न वाढलं की झाकूनच जाईल."

"जाऊ दे की. पोरं जेवली की हसायला काहीतरी नको का?"

त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. झिलई चढली, पुन्हा भट्टी झाली आणि मी मोठ्या तोऱ्यात बाहेर पडले.

मला विकत घेतले एका बस चालवणाऱ्या आईने, आपल्या दोन वर्षांच्या लेकीसाठी. लेकीला घरात सगळे ठकी म्हणत. आईला सकाळची पाळी असे. ती उजाडायच्या आत बाहेर पडे आणि उन्हे कलली की परते. दुपारी ठकीला भरवायचे काम मामाकडे होते. मामा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचे शिवणयंत्र, कापायचे टेबल आणि गिऱ्हाइकांची ये-जा. स्वयंपाकात तो काही अगदीच ढ नव्हता. मऊ भातात उकडलेले वाटाणे आणि गाजर कुस्करून, वर लोण्याचा एवढासा गोळा घालून तो माझ्यात वाढत असे. कधी बटाटा आणि अंडे, कधी दह्यात केळ्याचे काप. करायला सोपे, पोटाला हलके. चूक जेवणात नव्हतीच.

चूक होती घाईत. दारात गिऱ्हाईक उभे, आणि ठकी एकेक वाटाणा बोटाने ढोसत बसलेली. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, तरी भागेना. मग एके दिवशी मामाला युक्ती सुचली.

"ठके, अगं बघ, बदक बुडतंय! भाताखाली बुडतंय बिचारं! खा पटापट, वाचव त्याला!"

ठकीचे डोळे मोठे झाले. तिने आ केला. घासामागून घास गेला आणि माझा तळ लख्ख झाला. त्या दिवसापासून रोज तेच. आई घरात आली की बूट काढता काढता विचारायची, "संपवलं का सगळं?" मामा मला उलटी धरून दाखवायचा. "एक शीत उरलं नाही. ही वाटी म्हणजे जादू आहे, ताई!" शेजारीणसुद्धा मला मुद्दाम बघून गेली. मित्रांनो, मी पार हरभऱ्याच्या झाडावर चढले होते.

पण मी ठकीच्या तोंडासमोरच असे, म्हणून मला दिसायचे. शेवटचे घास ती गिळत नसे, गालात धरून ठेवी. डोळ्यांत पाणी येई, तरी नजर माझ्या तळावरून हलत नसे. पोट भरलेले, पण बदकाची मान अजून भातात. मग ती थांबणार कशी? हे मला कळत होते. वाटीला बोलता येत नाही हे खरे. पण आले असते, तरी मी बोलले असते का? माझे कौतुक थांबले नसते का? ही टोचणी आजही जात नाही.

अति तिथे माती म्हणतात, आणि मी तर मुळातलीच माती. ठकी जेवणानंतर ओकू लागली. मग मला पाहिले की ओठच मिटू लागली. भात नको, अंडे नको, आवडते केळेही नको. झगा खांद्यावरून घसरू लागला. मामाने तो दोन्ही बाजूंनी टाके घालून आत घेतला. तेव्हा काळजीने त्याची मान वर होत नव्हती.

आईने रजा काढून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले. परत आल्यावर ती मामाला म्हणाली, "पोटात काही नाही म्हणाल्या. पण वजन असंच उतरलं तर जड जाईल. जेवताना हिला कसली भीती वाटते का, ते बघा म्हणाल्या."

"भीती कसली? मी तर हसतखेळत भरवतो."

तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी आई घरीच होती. मामाने ठकीला कापायच्या टेबलाशी बसवले, मला भातासकट तिच्यापुढे ठेवले आणि तो दारातल्या गिऱ्हाइकाशी बोलायला वळला. तेवढ्यात ठकीने मला दोन्ही हातांनी धरून उपडे केले. शिवून, इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या कोटावर सगळा भात सांडला. माझा काठ कात्रीवर आपटून टवका उडाला तो तेव्हाच.

"अगं, काय केलंस हे!" मामा ओरडला.

ठकीचे त्याच्याकडे लक्षच नव्हते. ती झग्याच्या टोकाने माझा तळ पुसत होती आणि हुंदके देत होती. "बदक, ये ना बाहेर. ठकीनं नाही खाल्लं. बदक बुडलं. ठकी वाईट."

मामा तिच्याजवळ खाली बसला. आई आतल्या दारात उभी होती. त्याने तिला युक्तीची सगळी हकिकत सांगितली आणि तो म्हणाला, "ताई, हिचं पोट नव्हतं बिघडलं गं. माझी जीभ बिघडली होती."

आता आई कडाडेल असे मला वाटले. ती ठकीला उराशी धरून म्हणाली, "मी तरी काय वेगळं केलं? घरात पाऊल टाकलं की 'संपवलं का?' एकदा तरी विचारलं का, बाळा, भूक होती का?"

मामाने ठकीची माफी मागितली. "बदक बुडत नाही गं राणी. मामा खोटं बोलला." ठकीचा लगेच विश्वास बसला नाही. कसा बसणार?

मग एक साधी ताटली आली. तिच्यात गाजराच्या मऊ कांड्या, अंड्याचे तुकडे, लोणी लावलेला बटाटा, सगळे थोडे थोडे. मामा यंत्र बंद करून तेच जेवण घेऊन तिच्याशेजारी बसू लागला. सुरुवातीला ती नुसती चिवडत असे. मामाचा हात सारखा चमच्याकडे जाई, म्हणून तो हात स्वतःच्या मांडीखाली दाबून बसे! एके दिवशी तिने त्याच्याच ताटातली कांडी उचलून खाल्ली. आणखी काही दिवसांनी अर्धी ताटली ढकलून ती म्हणाली, "पुरे." मामाने ताटली उचलली आणि तो म्हणाला, "बरं." हळूहळू झग्याचे टाके उसवावे लागले.

मी आता खिडकीत रिकामी असते. माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या घरी एखादे धाकटे भावंड जेवायला बसले, तर त्याच्यापुढे जरूर छान छान वाढा. पण त्याने तोंड मिटले की घास मागे घ्या. माझ्यासारख्या वाटीचा तळ दिसलाच पाहिजे असे काही नसते.

परवा ठकी ताटलीतला एक वाटाणा घेऊन खिडकीशी आली. तिने तो बदकाच्या चोचीपाशी ठेवला.

"भूक?" तिने विचारले आणि कान माझ्या काठाला लावला. मामा घास हातात धरून तसाच बघत राहिला. ठकीने बराच वेळ वाट पाहिली. मग वाटाणा उचलला.

"नको म्हणतंय," असे मामाला सांगून तिने तो आपल्या तोंडात टाकला.