उतलेली टाच

पितळी डब्याचं झाकण खणकन् खाली पडलं आणि पहाटेची शांतता मोडली.

"हात ओले होते," अंधारातून हे पुटपुटले.

"रोजच बरे ओले असतात वो तुमचे हात," मी म्हटलं. तोवर बाळानं सूर धरला होता.

गूळ-शेंगदाण्याची मूठ तोंडात कोंबून ह्यांनी अर्धी चड्डी चढवली, बाळाच्या पायाला हळूच हात लावला आणि दार लोटून गेले. बडनेऱ्याच्या रस्त्याकडे जाणारी त्यांची पावलं मी ऐकत राहिले. खरं तर अनवाणी पायांचा आवाज कुठला यायला? कॅनव्हासचे बूट त्यांनी शर्यतीसाठी राखून ठेवले होते. मी आपली मनानंच ऐकायची.

पलीकडच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "मागं चोर नाई, कुत्रं नाई. मानूस कावून पळते वं सुभद्रा?"

"नोकरीसाठी, आत्याबाई."

"नोकरी तं लोकं बसून करतेत."

त्यांना समजावणं कठीण होतं. हे राजापेठेतल्या शाळेत कवायत शिकवत, पण हंगामी. दसऱ्याला सोनं द्यायला हेडमास्तर मोरोपंत घरी आले, तेव्हा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले होते, "सूर्यभान, समितीच्या मनात नागपूरचा एक मास्तर आहे. त्याच्याकडे व्यायामाची पदवी आहे, तुमच्याकडे नाही. मी एकटा किती भांडणार? माघात मूर्तिजापूर ते अकोला सव्वीस मैलांची शर्यत आहे. पहिल्या तिघांत या. मग तुमची कायम नोकरी माझ्याकडे लागली."

मी दाराआड उभी होते. नोकरी गेली तर काय, हे कोणी मला सांगायला नको होतं. दर्यापूरकडच्या गावी परत जायचं, थोरल्या दिरांच्या हाताखाली राबायचं. त्याचंही काही नाही, राबायला आम्ही भीत नाही. पण गावात मुलींची शाळा नाही. मला चौथीतून काढली होती. आमची कुंदा पहिलीत आहे आणि पाटीवर फुंकर मारून मारून अक्षरं गिरवते. तिची पाटी फळीवर चढलेली मला बघवली नसती. म्हणून ती नोकरी ह्यांच्यापेक्षा मलाच थोडी जास्त हवी होती.

दसऱ्यापासून मग आमचं घरच पळायला लागलं. दूध तेवढंच, त्यात ह्यांच्या पेल्यात जास्त ओतायचं, हे अर्धं पिऊन उरलेलं कुंदाच्या भाकरीवर ओतायचे, आणि मी रागावले की म्हणायचे, "जड पोटानं पळता येत नाई." विहिरीवरून दोन घागरी घेऊन हे पळतच यायचे. शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या. पौषात कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, सरकी काढायच्या जिनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर धूळच धूळ. गाडीवाले ओरडायचे, "काय मास्तर, बैल सुटला काय तुमचा?" हे धापा टाकत उत्तर द्यायचे, "तुमचाच शोधून राहिलो!"

मग बाळाला डांग्या खोकला झाला. खोकता खोकता ते निळं पडायचं. पळून आलेला माणूस अंगावरचा घामही न पुसता त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घालायचा. "तुम्ही निजा घडीभर," मी म्हणायची. "हेही पळनंच होय," हे म्हणायचे. त्या दिवसांत मला एकच भीती होती, की हे दोघंही एकदम आजारी पडतील आणि कोणाकडे आधी धावायचं ते मला कळणार नाही.

बाळ सावरलं. शर्यत आठवड्यावर आली. आणि एका सकाळी हे उंबऱ्यावर बसून टाच वर करून बघत होते. गिट्टीच्या रस्त्यानं पाय सोलतात म्हणून हे कडेच्या गाडीवाटेच्या मऊ मातीतून पळत. तिथं कुंपणासाठी काट्या नेणाऱ्या कुठल्याशा गाडीतून सांडलेला बाभळीचा काटा टाचेत शिरला होता. अर्धा निघाला, अर्धा आत मोडला.

मी सुई तापवायला आत गेले तेवढ्यात सासूबाईंनी दिवा जवळ ओढला होता. "सुई कायले पायजे? बिबा लावतो. तुह्या सासऱ्याले मी किती डाव लावला. दुसऱ्या दिवशी वखरावर जात होते."

बिबा आमच्याकडे घरोघरी असतो. काटा मोडला की दाभणाला बिबा टोचून दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की त्याचा एक थेंब काट्याच्या भोकावर. एकच थेंब. सासूबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्याचंच औषध करायला त्या गावाहून आल्या होत्या. थेंब भोकावर पडला की बाजूला, ते त्यांना दिसलं नाही. त्यांनी पुन्हा टेकवला. मग आणखी एकदा.

"पुरे ना वं माय," हे दात आवळून म्हणाले.

"थांब ना बापा. लहानपणी तं रडत नोतास."

दुसऱ्या सकाळी टाच उतली होती. बिबा उतला की कातडी कशी होते ते वऱ्हाडात कोणाला सांगायला नको: पाणी भरलेले टपोरे फोड, भोवती काळं-लाल. बोटांपर्यंत फोड आले होते. मी खोबरेल चोपडलं, तीळ वाटून लावले. सासूबाई कोपऱ्यात बसून राहिल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. "माह्याच हातानं," एवढंच म्हणाल्या. हे लंगडत त्यांच्याजवळ गेले आणि ताट पुढे सरकवून म्हणाले, "जेव वं माय. पाय माहा हाय अन् उपास तू करतं?"

फोड फुटले. काट्याच्या जागी पू धरला. राजापेठेतल्या डॉक्टरांनी पाय हातात घेतला आणि आमच्याकडे न बघता बोलले, "पंधरा दिवस जमिनीला टेकवायचा नाही."

"शर्यत हाय डॉक्टरसाहेब."

"बैलांची?"

"माही."

तेव्हा मात्र त्यांनी वर पाहिलं. मग ह्यांना सोडून मलाच म्हणाले, "बाई, दुखेल, सुजेल, ते चालेल. पण घोट्यावरून वर लाल रेघ चढताना दिसली, तर तिथेच सगळं थांबवा आणि माझ्याकडे आणा. रेघ म्हणजे विष वर चाललं. मग पाय कापायची पाळी येते. कधी कधी तेवढ्यानंही भागत नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मोरोपंतांना सांगू या."

"सांगतो ना. मग ते हळहळतील, अन् नागपूरचा मास्तर येईल." मग म्हणाले, "लाल रेघ दिसली तं मी सोताच थांबतो. झालं?"

मी रोज पहाटे दिवा घेऊन त्यांचा पाय बघायची. पिंढरीवरच्या शिरा, ओरखडे, दिव्याची तांबूस सावली, सगळीकडे मला रेघच दिसायची. बोट ओलं करून पुसून बघायची. "चितर काढून राहिली काय?" हे म्हणायचे. रेघ नव्हती. सूज तर थोडी उतरलीही होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही दुपारच्या गाडीनं निघालो. सासूबाई घरी राहिल्या. हे मूर्तिजापूरला उतरणार, मी मुलांना घेऊन अकोल्याला माझ्या भावाकडे, भगवंताकडे. निघायच्या गडबडीत, मी भाकऱ्या बांधत होते तेव्हा ह्यांनी मोरीत बसून पट्टी बदलली. "पाहू द्या," मी आतून ओरडले. "झाली बांधून! कुंदानं धरली होती पट्टी," बाहेरून उत्तर आलं. बाळ चुलीकडे रांगत होतं. मी त्याच्यामागे धावले.

मूर्तिजापूरच्या फलाटावर उतरून हे खिडकीपाशी आले, कुंदाच्या गालाला हात लावला. गाडी हलली तशी हे आमच्या बाजूनं चालत आले, अगदी ताठ, जराही न लंगडता. मला बरं वाटायला हवं होतं. पण पाय धड असतानाही हे इतकं सरळ कधी चालले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही अकोल्याबाहेर रस्त्याच्या कडेला उभे होतो. शर्यत संपायची जागा तिथून मैलभर पुढे. पोरं झाडावर चढली होती, कोणी माठ भरून ठेवले होते. भगवंता सायकलवर पुढे जायचा आणि बातमी घेऊन परत यायचा.

"काटेपूर्णेच्या पुलावर सातवे होते म्हनतेत." पुन्हा गेला. आला तो हसतच. "ताई, बोरगावापाशी पाचवे! दोघं तं पोटात कळ येऊन बसले. भाऊजी चाललेत बरोबर."

"लंगडत आहेत का?"

"मी कुठं पायलं? लोकं सांगतेत." मग माझ्याकडे बघून, "तू हास ना जरा. तुहा नवरा पळून राहिला, अन् तोंड असं, जसं कोनी पळूनच गेलं!"

मला हसू आलंही. बाळ कडेवर पेंगत होतं. ऊन चढलं होतं. कुंदा माझा पदर बोटाला गुंडाळत गप्प उभी होती. सकाळपासून गप्पच होती.

"भूक लागली का ग?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "आई, लाल शाई पान्यानं जाते ना?"

"कसली शाई?"

"बाबाच्या पायावर रेघ होती. इथून इथवर." तिनं आपल्या घोट्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत बोट ओढलं. "मी म्हटलं, शाई लागली. बाबा म्हने, हो, शाईच हाय, तुह्या आईले सांगू नको, ते घासत बसंल."

बाळ घसरलं तशी मी त्याला घट्ट धरलं. भगवंताला हाक मारली, पण तो पुन्हा सायकल घेऊन पुढे गेला होता. कालची रेघ. आज ती गुडघ्यापाशी असेल. का त्याच्याही वर?

तेवढ्यात गलका झाला. पहिला गडी आला, सावळा, उंच, एकटाच. लोकांनी त्याच्या अंगावर पाणी उडवलं. बऱ्याच वेळानं दुसरा. मग रस्ता मोकळा. मग वळणावर दोघं एकदम दिसले, पांढऱ्या बनियानवाला एक पोरगा आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून हे. एका पायात बूट नव्हता. पट्टी सुटून मागे धुळीत लोळत येत होती. तोंड असं झालं होतं की क्षणभर मला ओळखू आलं नाही.

"तिसरा! तिसरा येतो मास्तर!" झाडावरची पोरं ओरडली. "हान मास्तर!"

तो पोरगा थकलेला दिसत होता. अजून थोडं रेटलं की हे पुढे जाणार, हे मलाही कळत होतं. एक मैल. त्यानंतर कायम नोकरी, राजापेठेतलं घर, कुंदाची दुसरी, तिसरी, पुढच्या सगळ्या इयत्ता. आणि मी "अवो, थांबा" अशी एक हाक मारली, तर हे थांबतील. केवढ्याही गर्दीत माझा आवाज ह्यांना ओळखू येतो. जवळ आले तसे ते रस्त्याच्या कडेच्या माणसांत आम्हांलाच शोधत होते.

मी तोंड उघडलं.

कुंदानं माझा पदर ओढला. तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले होते, ओरडायच्या तयारीत, आणि मान वर करून माझ्याकडे बघत होती.

"आई, सांग ना लवकर. मी बाबाले पळा म्हनू, का थांबा म्हनू?"