एक बुडबुडा आणि बेचाळीस मावश्या

मी आता जुनी झाले आहे, मित्रांनो. काल मला एकशे सतरा दिवस पूर्ण झाले. हसू नका. तांबड्या रक्तपेशीला एवढे दिवस म्हणजे पणजीचं वय. आम्हांला मुलं होत नाहीत, त्यामुळे पणजी म्हणायला कोणी नसतं, एवढंच.

माझा जन्म कालिम्नोस बेटावर, साकेलारिस नावाच्या पाणबुड्याच्या कमरेच्या हाडात झाला. ईस्टरचा आठवडा होता. त्याच्या बायकोने, थेमेलिनाने, कोकरू भाताने भरून भट्टीत लावलं होतं. त्या कोकरातलं चिमूटभराहून कितीतरी कमी लोखंड माझ्या वाट्याला आलं. प्राणवायू धरून ठेवायला ते लागतं. कामावर निघण्याआधी मी माझं केंद्रक हाडातच टाकून दिलं, कारण मालाला जागा हवी. म्हणजे डोकं घरी ठेवून नोकरीला लागले म्हणा ना. भीती मात्र सोबत आली. ती नेमकी कुठे ठेवलेली असते, मला अजून कळलेलं नाही.

काम सोपं होतं. फुप्फुसात जाऊन प्राणवायू उचलायचा, हृदयाच्या डाव्या बाजूने बाहेर पडायचं, माल पोचवायचा आणि परत यायचं. एक फेरी साधारण मिनिटभराची. परतीच्या वाटेवर कर्बवायू. साखर, क्षार आणि कचरा आमच्या भोवतालच्या पिवळसर रक्तद्रवातून वाहतात. मला दर फेरीला भीती वाटायची. केशवाहिन्या माझ्याहून अरुंद असतात, तिथे अंग दुमडून एकीमागे एक सरकावं लागतं. पायांतून वर येताना पाठीमागे झडपा मिटत जातात, आपण खाली घसरू नये म्हणून. हेतू चांगला असतो, पण आवाज दार लावून घेतल्यासारखा येतो. हृदयाने मला एकदाही शाबासकी दिली नाही. ते फक्त ‘धप्’ म्हणतं. आम्ही त्यालाच शाबासकी समजायचो.

बाहेरचं बोलणं कानाच्या पाळीतून जाताना ऐकू येतं. आपण तिथे नसलो, तर ज्या बहिणी होत्या त्या हृदयात भेटल्यावर सांगतात. रक्तात गुपित टिकत नाही.

त्या वसंतात समुद्रतळाचे स्पंज कापून आणणाऱ्या बोटी निघाल्या, तेव्हा धक्क्यावर थेमेलिना म्हणाली, “ऑक्टोबरात परत आलास की नाचाच्या रांगेच्या पुढे तू असायचंस. काठीशिवाय.”

“मी काय म्हातारा झालोय?” साकेलारिस म्हणाला.

“माझे बाबा तिशीतच काठीवर आले. काठीशिवाय, म्हटलं ना.”

आमच्या बेटावर हे सगळ्यांना कळतं. दर वर्षी काही पाणबुडे लटपटते पाय घेऊन परततात. ‘यंत्रानं धरलं’ असं म्हणतात. मग नाचात ते काठी टेकून उभे राहतात आणि रांग त्यांच्यासाठी हळू होते.

यंत्र म्हणजे तांब्याचा टोप, रबरी पोशाख आणि बोटीवरच्या हातपंपाची नळी. खरी गोष्ट वेगळी आहे, मित्रांनो. खोल पाण्यात दाबाखाली हवा घेतली, की तिच्यातला नायट्रोजन रक्तात विरघळत जातो. तो कोणाच्या कामाचा नाही. विनातिकीट प्रवासी. हळूहळू वर आलं तर तो फुप्फुसातून गुपचूप उतरून जातो. घाई केली तर सोड्याची बाटली फट्कन उघडल्यावर होतं, ते होतं. फरक एवढाच, की बाटलीला चालायचं नसतं.

माझ्या अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी आम्ही लिबियाच्या किनाऱ्याजवळ होतो. शेजारी सिमी बेटाची बोट होती. तिच्यावरचे लोक आमच्यावर वर्षभर हसतात आणि आम्ही त्यांच्यावर. साकेलारिस पंचवीस वाव, म्हणजे दीडशे फूट, खाली गेला. तिथे त्याला हंड्याएवढा स्पंज सापडला. तो कापता कापता वेळ निघून गेला. आमच्याभोवती नायट्रोजन वाढत होता. मी बहिणींना म्हटलं, “आता हळू जायचं हं.” पण आमचं कोण ऐकतो?

साकेलारिसच्या कमरेचा दोर वर बोटीत थेमेलिनाच्या भावाच्या, ड्रोसोसच्या हातात होता. वर ओढता ओढता तो दहा वावांवर थांबला, तसं कप्तान स्ताथिसने हटकलं, “काय रे, आजीबाई जिना चढतायत का? ते सिमीवाले बघतायत!”

खालूनही दोराला दोन हिसके आले, म्हणजे ओढ. साकेलारिसला तो स्पंज सिमीवाल्यांना दाखवायचा होता. ड्रोसोसने ओढलं.

टोप निघाला. रिवाजाप्रमाणे कोणीतरी पेटती सिगारेट त्याच्या बोटांत दिली. ती शेवटपर्यंत हातात राहिली, तर माणूस ठीक. त्याने स्पंज उंच धरला, सिमीवाल्यांना हात केला आणि सिगारेट पडली. मग तो पडला. स्पंज शेवटी पडला, आणि कोणी तो उचलला नाही.

त्या वेळी मी त्याच्या पाठीच्या कण्याजवळच्या एका बारीक वाहिनीत प्राणवायू घेऊन चालले होते. समोर बुडबुडा होता. गोल, चकचकीत, निर्विकार. मी म्हटलं, “जरा वाट द्या.” तो काही बोलला नाही. बुडबुडे बोलत नाहीत. हीच त्यांची सर्वांत भीतीदायक गोष्ट आहे. पलीकडे पायांना हुकूम धाडणारे मज्जातंतू प्राणवायूसाठी ताटकळत होते. हाक अगदी हाताच्या अंतरावरून येत होती. मला हात नाहीत, तरी सांगते. माझ्या मागे रांग वाढत गेली, मी पुढून मागून चेपले गेले आणि हाक बारीक होत चालली.

“पाय... पाय कुठायत माझे?” साकेलारिस म्हणाला.

“किनाऱ्यावर न्या, गरम वाळूत गळ्यापर्यंत पुरा,” कप्तान म्हणाला.

“माझ्या बापाला पुरलं होतं,” ड्रोसोस म्हणाला. “बाप काठीवर आला, वाळू तिथंच आहे. ह्याला परत पाण्यात सोडा.”

“डोकं फिरलंय का? पाण्यानंच तर ही दशा केली!”

“पाण्यानं नाही. आपल्या घाईनं. टोप घाला त्याला. दाजी, ऐकताय ना? पुन्हा खाली जायचंय.”

“जातो. पण तो स्पंज...”

“खड्ड्यात गेला तो स्पंज!”

त्याला दोराने खाली सोडलं. पंधरा वावांवर बुडबुडा आकसू लागला. आधी त्याची चकाकी गेली, मग ऐट गेली. शेवटी तो इतका बारीक झाला, की मी अंग दुमडून बाजूने घुसले आणि माल पोचवला. आयुष्यातली सर्वांत लहान फेरी, दोन केसांच्या जाडीएवढी. डाव्या पायाचा अंगठा हलला.

आता वर आणायचं होतं, सावकाश. कप्तानच्या घड्याळात पाणी गेलं होतं. ड्रोसोसने दर वावाला थांबून आपल्या मावश्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. आई-बापाच्या चुलत, मामे, मानलेल्या सगळ्या धरून मावश्या बेचाळीस. नावं संपली की एक वाव दोर. मग पुन्हा पहिल्या मावशीपासून. एकदा कप्तान म्हणाला, “कालिओपी मावशी राहिली.” ड्रोसोसने थांबून तिचंही नाव घेतलं. सिमीची बोट जवळ आली. त्यांच्यातला एकही हसला नाही; एकाने टोपी काढली.

साकेलारिस संध्याकाळी स्वतःच्या पायांवर उभा राहिला. डाव्या पायाच्या करंगळीला अजून काही कळत नाही, पण ती आधीही फारशी हुशार नव्हती. आठवड्याभराने तो पुन्हा पाण्यात उतरला. मी घाबरले, पण उतरले. मला वेगळं कुठे जाता येतं?

आता माझं अंग ताठरलं आहे. प्लीहेत अरुंद फटी असतात. जी पेशी दुमडून पलीकडे जाऊ शकत नाही, ती तिथेच मोडली जाते. पुढची फेरी तिथूनच आहे. मला भीती वाटते. ऑक्टोबरातला नाच मी पाहणार नाही. पण माझं लोखंड वाया जाणार नाही, ते परत हाडात जाईल आणि एखाद्या नव्या पोरीला मिळेल. तिला नाचाच्या दिवशी डाव्या पायाकडची फेरी मिळू दे.

मित्रांनो, तुमच्याही आत आम्ही आहोत. आम्हांला शाबासकी नको. खोलातून वर येताना घाई करू नका, आणि कोणी हसलं तर हसू द्या.

या क्षणी साकेलारिस पाण्यातच आहे. दोर दहा वावांवर थांबला आहे, आणि वर ड्रोसोस नावं घेतो आहे. मी मोजते आहे. सतरावी मावशी. अठरावी.