लाल पट्टा

मी शुभमच्या मोबाइलला जोडलेला, उष्णता पाहणारा कॅमेरा बोलतोय. जीव माझा काडेपेटीएवढा, धास्ती मात्र खंडीभर.

कारखान्यातून निघालो तेव्हा डब्यातल्या काळोखाला घाबरलो. वर्ध्याला आलो तर मे महिन्यात तापलेल्या गच्च्यांना घाबरलो. शुभम एका ठेकेदाराकडे कामाला होता. एसी लावूनही खोल्या गार होत नाहीत, अशा इमारतींतून आम्हाला बोलावणं येई. मी भिंतीकडे पाहायचो आणि पडद्यावर दाखवायचो. गरम ते लाल, गार ते निळं. दाराची फट, छताची भेग, काही म्हणता काही लपत नसे. माणसांची एक खोड तेव्हाच माझ्या ध्यानात आली. चित्र दिसलं की ती पुढचं विचारायचं सोडून देतात.

पौषात शुभम मला रोहण्याला, आपल्या घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं, कुंताबाईनं, कोंबडीची पिल्लं आणली होती आणि थंडीनं ती रोज दगावत होती. विजेचा भरवसा नाही, म्हणून ती शेडमध्ये कोळशाची शेगडी पेटवायची आणि तिथेच खाट टाकून निजायची. तरी शेड तापेना. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून चेंगरायची.

सांजेला शुभमनं मला शेडच्या बाहेरून धरलं. भिंत सगळी निळी, पण पत्र्याखाली एक लांब लालभडक पट्टा.

"आई, हे पाह्य! गर्मी इथूनच बाहेर चालली."

कुंताबाई पदरानं डोळे पुसून पडद्यात डोकावली. "अगंबाई! मी मेली त्या शेगडीलेच शिव्या देत होती. थांब, आत्ताच लिंपून टाकतो."

तिनं शेण-माती कालवली, शिडीवर चढली आणि फट बुजवली. दाराखाली पोती कोंबली. लाल पट्टा गेला. "शहाणा आहे रे तुहा कॅमेरा," असं म्हणून तिनं मातीचं बोट माझ्या कडेला लावलं. मला कोणी शहाणं म्हणाल्याची ती पहिलीच वेळ. मी सुखावलो, खोटं कशाला सांगू?

सकाळी शुभम मला घेऊन पुन्हा शेडपाशी आला. खिडकीच्या जाळीवर पातळ प्लास्टिक ताणलं होतं. काचेपलीकडचं मला दिसत नाही, पण पातळ प्लास्टिकमधून दिसतं. आत सगळं लाल. जमिनीवर पिल्लं लाल, खाटेवर कुंताबाई लाल.

"पाह्य, कशी मस्त गरम झोपली," शुभम हसला.

मी गारठलो. कोणीच हलत नव्हतं. शेगडीचा विषारी धूर मला दिसत नाही हो! मला फक्त ऊब दिसते, आणि उबेत मेलेलं पिल्लूही लालच दिसतं. त्या फटीतून ऊब जात होती, तसा तो धूरही जात होता. हे फट बुजवताना आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. मला ओरडायचं होतं, पण मला तोंडच दिलेलं नाही.

तेवढ्यात शुभमची बायको रंजिता अंगणातून आली आणि थबकली.

"पिल्लांचा आवाज काऊन येऊन नाई राह्यला?"

"झोपू दे वं तिले. रातभर पिल्लं राखली तिनं."

"तिचं नाई, पिल्लांचं म्हणतो मी! चिवचिव कुठं हाय?"

तिनं धाव घेतली आणि दाराला खांद्यानं धक्का दिला. पोती सरकली. शुभमनं मला टाकलं, मी मातीत पालथा पडलो. पुढचं फक्त ऐकलं, खाट ओढल्याचा आवाज, रंजिताचं "आई, वो आई!" आणि शुभमचं रडणं. माझ्यासमोर नुसती गार निळी जमीन होती. एवढा मी आयुष्यात कधी भ्यालो नाही.

कुंताबाई वाचली. सेवाग्रामच्या दवाखान्यातून आठवड्यानं घरी आली. बहुतेक पिल्लं मात्र गेली. तिनं स्वतःच्या हातानं लिंपलेली फट शुभमनं खुरप्यानं उकरून काढली.

आता माझ्या कडेला चरा आहे आणि चित्रात एक डाग येतो. काम अजून करतो. बाबांनो, मी दाखवतो ते खरंच असतं, पण तेवढंच खरं नसतं. माझ्याकडे बघा, आणि हाकही मारा.

शुभम तसंच करतो. शेडपाशी आला की आधी "आई!" म्हणतो. आतून "ओ!" आली, की मगच तो माझं बटण दाबतो. त्याची हाक आणि तिची ओ यांच्या मधल्या क्षणात आम्ही दोघंही घाबरलेले असतो.