पुसलेली तार

दादाला एक खोड होती, आणि तिला खोड म्हटलेलं त्याला खपत नसे. गाडीचा कुठलाही सुटा भाग पुसल्याशिवाय तो परत बसवू द्यायचा नाही. खांद्यावर जुन्या बनियनची चिंधी कायम. बोल्ट असो, प्लग असो, आधी चिंधी फिरणार, मग पाना. चाळीस वर्षं त्याने अशीच काढली, आणि त्याच्या हातच्या गाड्या खणखणीत चालल्या हेही खरं.

पण त्या गाड्या जुन्या, कार्ब्युरेटरच्या. आताच्या गाड्या धाकटी बघायची. धाकटी म्हणजे त्याची बहीण, त्याच्याहून सतरा वर्षांनी लहान. त्याच्याच गॅरेजात पाना धरायला शिकली आणि बघता बघता स्कॅनर लावून गाडीच्या पोटातलं सांगायला लागली. दोन महिन्यांपूर्वी दादाने एका गाडीचा प्लग तिरका घुसवला आणि आटे पार घालवले. डोळ्यांनी दगा दिला, दुसरं काय! तेव्हा धाकटी एवढंच म्हणाली, "दादा, तू आता टायर आणि ऑइल बघ. बाकीचं माझ्यावर सोड." भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती समजुतीने बोलली, तेच झोंबलं. उद्या टायरही काढून घेतील आणि आपल्याला घरी बसवतील, या धास्तीने तो तेव्हापासून सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शटर उघडायचा.

अशात नर्सबाईंची गाडी आली. या बाई घरोघरी जाऊन बाळंतिणींना तपासायच्या. गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची आणि बंद पडायची. धाकटीने स्कॅनर लावला आणि ती म्हणाली, "हवेचा सेन्सर घाण झालाय, सिस्टर. साफ केला की होईल."

इंजिनात किती हवा जाते ते हा सेन्सर मोजतो. फिल्टरच्या पुढच्या नळीत बसतो, आणि त्याच्या आत केसासारखी बारीक तार असते. तिच्यावर धूळ साचली की माप चुकतं. धाकटीने दोन स्क्रू सोडवून तो बाहेर काढला, त्याच्यासाठीच मिळणारा स्प्रे लांबून मारला आणि बाकावर कोऱ्या कागदावर वाळत ठेवला. मग नवा एअर फिल्टर आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. बाई बाहेर फोनवर बोलत होत्या.

दादा बाकापाशी आला. ओला भाग बघून त्याच्याने राहवेना. या तारेला हात लावायचा नसतो, ती आपोआप वाळते, असं धाकटीने त्याला मागे एकदा सांगितलं होतं. न पुसता बसवायचं म्हणजे काय, असं तो तेव्हाही मनात म्हणाला होता. त्याने चिंधीचं टोक पिळून काडीसारखं केलं आणि आत फिरवलं. धागा कुठेतरी जरासा अडकला. त्याने तो अलगद ओढून सोडवला आणि सेन्सर होता तसा कागदावर ठेवला. बहिणीचं काम आपण थोडं सोपं केलं, असंच त्याला वाटलं होतं, शपथ घेऊन सांगतो.

धाकटीने परत येऊन सेन्सर बसवला आणि गाडी झकास चालू झाली. बाई खूश होऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी ऐन वळणावर इंजिन बंद पडलं, स्टिअरिंग जड झालं आणि मागून येणारा ट्रक गाडीला घासून गेला. जीव वाचला, पण बाईंचं मनगट मोडलं. गाडी ओढून गॅरेजात आणली. धाकटीने सेन्सर काढून दिव्याखाली धरला. तार तुटलेली.

"मी स्प्रे फार जवळून मारला असणार, तेव्हाच तार अधू झाली आणि रस्त्यात तुटली," ती म्हणाली.

दादाच्या बोटांना तो धागा आठवला. बोलायची वेळ तीच होती. पण टायरसुद्धा हातचे जातील, हा विचार आधी आला, आणि पठ्ठ्या मूग गिळून पंक्चर काढायला निघून गेला.

पुढचे चार दिवस धाकटीचं बघवत नव्हतं. एकच बोल्ट तीनतीनदा तपासायची. ब्रेकचं साधं काम आलं, तर "दुसरीकडे न्या" म्हणून तिने परत पाठवलं. डबा न उघडता घरी न्यायची. एका दुपारी दादाशेजारी येऊन बसली आणि आपले हात उलटसुलट करून बघत म्हणाली, "दादा, माझा हात जड झालाय का रे?"

"होतं असं कधीकधी," दादा म्हणाला.

अरे, निदान गप्प तरी बसायचं! त्याचं त्यालाही कळलं असावं, कारण त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

पाचव्या दिवशी नर्सबाई हात गळ्यात बांधून आल्या. धाकटीने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. "सिस्टर, चूक माझी आहे. नवीन सेन्सर आणून ठेवलाय, पण मी बसवणार नाही. हे काम मी सोडतेय. दादा तुम्हाला दुसरं गॅरेज सांगेल."

दादा ऑइलचा डबा धरून उभा होता. तो त्याने खाली ठेवला.

"तिची चूक नाही," तो म्हणाला. "मी ती तार चिंधीने पुसली. ती दुकानात गेली तेव्हा. धागा अडकला होता, तो मी ओढला."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मला हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या बाळंतिणी खोळंबल्यात, मला त्यांच्याकडे न्यायला माझा भाऊ गाडी चालवणार आहे. कोण बसवतंय ते तुम्ही ठरवा. मी बाहेर थांबते."

दादा चार शब्द ऐकायच्या तयारीने उभा राहिला. डोळे गेलेत तर सांगायचं ना, हात कशाला लावलास, असं काहीतरी.

"तार तुटली तर तुटली," धाकटी हळूच म्हणाली. "चार दिवस मी तुझ्यासमोर बसून स्वतःचे हात बघत होते, दादा. आणि तू मला 'होतं असं' म्हणालास."

माफी दादाच्या ओठांपर्यंत आली होती, पण ती कुठल्या गोष्टीची मागायची हेच त्याला सुचेना.

तिने बॉनेट उघडलं, स्क्रू सोडवले, नळी कापडाने झाकली. हात आता अजिबात अडखळत नव्हते, आणि ते बघून दादाला भरून आलं. बाकावर नव्या सेन्सरची डबी होती, आणि दादा तिच्याशेजारीच उभा होता. नळावर हात धुवायला जाण्याआधी धाकटी परत वळली, तिने डबी उचलून खिशात घातली आणि मग गेली.