बैल फिरवायचं निमित्त

चिचटोल्याच्या भैयाजींना उठवायला दोन माणसं लागत. एक जण मागून काखेत हात घालायचा, दुसरा समोरून मनगटं धरायचा, आणि भैयाजींनी ‘हं’ म्हटलं की दोघं मिळून ओढायचे. घरातल्यांना त्याची इतकी सवय झाली होती की हाक मारायचीही गरज नसे. भैयाजींनी पसरलेले पाय आवरले की मुलगा उदाराम आणि सालदार गडी मंगरू हातातलं काम टाकून यायचे.

पूर्वी असं नव्हतं. गावचा सारा वसूल करायची मालगुजारी होती तेव्हा भैयाजी दिवसभर भिरभिर फिरत. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत आधी सोडायचं, कोणाच्या शेताचा धुरा कोणी कोरला, सगळं त्यांच्या पुढ्यात यायचं. मग कायदा झाला, मालगुजारी गेली. शेती राहिली, घर राहिलं, कोणी वाईट बोललंही नाही. फक्त कोणी विचारायला येईनासं झालं. भैयाजी घरापुढच्या सपरीतल्या लाकडी तक्तपोसावर बसले, ते बसलेच. तोंड रिकामं राहिलं की घर खायला उठे, म्हणून ते तोंड रिकामं ठेवत नसत. लाखोरीच्या डाळीचे वडे, गूळ-शेंगदाणे, दुपारचा भात, त्यावर झोप. तीन वर्षांत अंगरखे दोनदा उसवून मोठे करावे लागले. पुढे पुढे धाप लागू लागली. रात्री आडवं झालं की छातीवर धानाची भरली पायली ठेवल्यासारखं वाटे.

गोंदियाच्या डॉक्टरनं छाती तपासली आणि सरळ सांगून टाकलं, “भैयाजी, दवाई से कुछ नहीं होगा. चलना शुरू करो. नहीं तो दिल जवाब दे देगा.”

भैयाजी घाबरले. आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. दुसऱ्याच दिवशी सगळं एकदम करायला निघाले. पहाटे कासोटा घट्ट खोचला, काठी घेतली आणि मोठ्या तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, पुरता वळसा घालून यायचं ठरवलं. सुमित्राबाई म्हणाल्या, “अवो, आज मारुतीपर्यंतच जा जी.” ते म्हणाले, “मारुतीपर्यंत तं म्हाताऱ्या बाया जाते.”

पारीवरच्या चिंचेपर्यंत ते पोचले. तिथं डोळ्यांपुढं काजवे चमकले, मांड्या थरथरल्या, आणि ते एका दगडावर बसले. मग उठता येईना. पाण्याला आलेल्या बाया घागरी काखेला लावून उभ्या राहिल्या. कोणीतरी धावत जाऊन बैलगाडी आणली. चार जणांनी त्यांना गाडीत चढवलं. परतताना बिसरामच्या घरासमोर गाडी जरा हळू झाली, तेव्हा ओसरीवर बसलेल्या बिसरामचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला, “दोन बैलांनं नाई होनार बाप्पा, तिसरा जुंपा!” सगळे हसले. त्यात वाईट भाव नव्हता, बिसराम सगळ्यांवरच बोलायचा. पण भैयाजींनी त्या दिवशी दाराकडे पाठ केली ती हिवाळा येईपर्यंत. कोणी चालण्याचं नाव काढलं की म्हणत, “कायले ताप देता माह्या जिवाले? होईल ते होईल.”

त्या वर्षी माघात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरला. उदारामचा चांद्या हा पटाचा बैल होता. काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका, गावाचं नाव राखणारा. धावता धावता त्याचा पुढचा पाय खड्ड्यात गेला. तो पडला नाही, पण तीन पायांवर घरी आला.

ढोरांच्या डॉक्टरला अर्जुनीहून बोलावलं. सपरीसमोरच्या आवारात त्यांनी चांद्याचा पाय हातात घेऊन दाबून पाहिला. “हाड शाबूत आहे,” ते म्हणाले. “आठ दिवस हलवू नका. मग रोज थोडं चालवा. बसवून ठेवलात तर पाय वाळेल. आणि ओढू नका. तो थांबला की तुम्हीही थांबा.”

डॉक्टर गेल्यावर उदाराम वैतागला. कापलेल्या धानाचे पुंजणे अजून खळ्यात उभे होते, मळणीची चुरणी अर्धी राहिली होती. “रोज कोन फिरवंल याले? मंगरूले वेळ नाई, मले नाई. आनं बसल्या जनावराले कोठवर पोसाचं? बाजार दाखवून देऊ.”

सुमित्राबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांचे हात थांबले. उदाराम बैलाबद्दलच बोलत होता, त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण तक्तपोसावरच्या भैयाजींना ते वाक्य कुठं लागायचं तिथंच लागलं. त्यांनी चांद्याकडं पाहिलं. दुखरा पाय जमिनीला नुसता टेकवून तो उभा होता आणि शेपटीनं माशा वारत होता.

“मी फिरवतो,” भैयाजी म्हणाले.

उदारामला हसू आलं. “बाबा, तुमालेच उठवाले दोघं लागते.” बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

“मंग उठवा,” भैयाजी म्हणाले. “उठल्यावर पाहू.”

आठ दिवस झाले आणि भैयाजींनी चांद्याचा दोर हातात घेतला. गुरांच्या कोठ्यापासून फाटकापर्यंतच जायचं होतं. हाक मारली तर ऐकू येईल एवढं अंतर. चांद्या एक पाऊल टाके, थांबे, मान खाली घाली, पुन्हा एक टाके. भैयाजींना आधी वाटलं होतं की आपली फजिती होईल. पण हा बैल त्यांच्यापेक्षाही हळू होता! त्यांची धाप वाढायच्या आतच तो थांबायचा, आणि तो थांबला की त्यांना थांबायला कारण मिळायचं. फाटकाला टेकून दोघांनी दम खाल्ला. समोरून जाणारी एक बाई म्हणाली, “बैल कसा हाय जी?”

“बरा होईल,” भैयाजी म्हणाले. ती पुढे गेली. तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. भैयाजींना इतकं हलकं वाटलं की ते थोडा वेळ उगाच तिथं उभे राहिले.

मग रोजचं झालं. फाटकापासून मारुतीपर्यंत, मारुतीपासून गावाच्या वळणापर्यंत. सोपं मुळीच नव्हतं. मांड्या घासून सोलवटल्या, त्यावर सुमित्राबाईंनी खोबरेल लावून दिलं. संध्याकाळी घोटे सुजत. एकदा एका लग्नात पोटाला तडस लागेपर्यंत जेवले आणि त्यानंतर तीन-चार दिवस उठलेच नाहीत. ‘जाऊ द्या, एवढ्यानं का होते,’ असं मनाशी म्हणत पडून राहिले. शेवटी कोठ्यातून चांद्याचं हंबरणं सुरू झालं. सकाळची ती वेळ झाली की तो फाटकाकडं तोंड करून हंबरे. “आलो, आलो,” म्हणत भैयाजींनी खांबाला धरलं आणि उभे राहिले. दोर हातात घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आज आपल्याला कोणी उठवलं नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं. उदाराम खळ्यावर होता, मंगरूही नव्हता. सांगायला कोणीच नव्हतं, म्हणून त्यांनी चांद्यालाच सांगितलं.

तलावाच्या वाटेवर, बरोबर अर्ध्यात, एका पळसाखाली त्यांना एक दिवस बाज टाकलेली दिसली. भैयाजी तिच्यावर टेकले. उंच बाज होती, उठायला त्रास झाला नाही. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच होती. कोणीतरी विसरलं असेल असं त्यांना वाटलं. महिनाभरानं मंगरू बोलता बोलता म्हणाला की मालकिणीनं बिसरामच्या घरून ती मागून आणवली आणि तिच्या पायांखाली विटा लावायला लावल्या. भैयाजींनी घरी येऊन सुमित्राबाईंकडं पाहिलं. त्या चुलीत फुंकणीनं जाळ करत होत्या. रात्री जेवताना तिसऱ्या वेळी भात वाढायला आल्या तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

चैत्र सरता सरता चांद्या चिंचेपर्यंत जाऊ लागला, आणि वैशाखात दोघांनी पारीला पुरता वळसा घातला. अधूनमधून बसत, पण घातला. ज्या दगडावर आपण अडकलो होतो तो भैयाजींनी ओलांडला तेव्हा त्यांना फार मोठं काही वाटलं नाही. चांद्या खाली वाकून गवत ओढत होता आणि त्यांचं सगळं लक्ष त्याच्या पायाकडं होतं.

पाय बरा झाला होता. मृगाच्या आधी उदारामनं त्याला हलक्या वखराला जुंपून पाहिलं, तो छान चालला. पटात आता धावणार नव्हता, पण शेतीला चांगला होता. उदाराम खुशीत घरी आला. “बाबा, तुमी बैल वाचवला माहा. आता सुटले तुमी. करा आराम.”

भैयाजी हसले. दुसऱ्या दिवशी पहाटे चांद्या शेतावर गेला. कोठ्यातली त्याची जागा रिकामी होती. भैयाजी सपरीत आले, फाटकाकडं पाहिलं आणि तक्तपोसावर बसले. त्या दिवशी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी वडे मागितले.

सुमित्राबाईंनी वडे आणून ठेवले आणि तिथंच बसल्या. एरवी त्या कधी अशा बसत नसत.

“काऊन गेले नाई जी तीन दिवस?”

“बैल कोठी हाय?”

“बैलाले चालवत होते का सोताले?”

भैयाजींनी वडा हातात घेतला, पुन्हा ठेवला. मग खरं ते बोलले. “दोर हातात राहिला तं कोनी पाहत नाई वो. रिकाम्या हातानं निघालो तं अख्खं गाव पाहील. म्हनतील, पाहा, मालगुजार बारीक व्हाले निघाला.”

“म्हनतीलच,” सुमित्राबाई म्हणाल्या. “बसले होते तवा नाई म्हनले का? मी तीन वर्सं आयकलं सारं. पानवठ्यावर आयकलं, लग्नात आयकलं. मले सवय झाली.” त्या पदर सावरून बसल्या. “राती तुमचा दम अडकते तवा मी उठून बसतो. तुमी चांद्यासंगं चालाले लागले तवापासून मी रातभर झोपतो. हे लोकाइले मालूम नाई.”

भैयाजींना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं बाजूला झोपणारी बायको रात्री उठून आपला श्वास मोजते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वड्यांची ताटली सुमित्राबाईंकडं सरकवली. मग म्हणाले, “ने हे. उदारामच्या पोराइले दे.”

पहाटे ते फाटकाबाहेर पडले. हात मोकळे होते आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं ते कळेना. आधी पाठीमागं बांधले, मग उपरण्याचं टोक धरलं. मारुतीपाशी दोघं-तिघं दात घाशीत उभे होते, त्यांनी माना वळवल्या. भैयाजींचे कान तापले. परत फिरावं असं दोनदा वाटलं. पाय मात्र रोजच्या वाटेला लागले होते.

बिसराम ओसरीवर होताच. त्यानं तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालात सारला.

“भैयाजी, बैल कोठी हाय?”

“बैल बरा झाला.”

“मंग तुमी काऊन फिरून राहिले?”

“मी अजून नाई झालो ना बाप्पा,” भैयाजी म्हणाले.

बिसराम हसायला तयारच होता. पण हसण्यासारखं त्यात त्याला काही सापडलं नाही. तो नुसता ‘हव जी’ म्हणाला आणि सरकून बसला. भैयाजी पुढे गेले. चिंचेपाशी पोचले तेव्हा छाती धडधडत होती, घाम गळत होता, आणि आपल्याला राग आलेला नाही याचं त्यांना नवल वाटलं.

त्यानंतर काही भैयाजी सडपातळ झाले नाहीत. पोट राहिलंच, फक्त अंगरखा पुन्हा आत घ्यावा लागला. पावसाळ्यात चिखल फार झाला की चार-चार दिवस खंड पडे, आणि दर खंडानंतर निघणं पहिल्याइतकंच जड जाई. पण निघत.

दिवाळीनंतर कोसभरावरच्या गावी मंडईची जत्रा भरली. उदारामनं बैलांची हलकी गाडी, रेंगी, जुंपायला सांगितली. भैयाजी म्हणाले, “तुमी पोराइले घेऊन चला. आमी येतो मागून.”

“आमी म्हंजे कोन?” सुमित्राबाई दारातून म्हणाल्या.

लग्नाला तीस वर्षं झाली होती. मालगुजाराची बायको रेंगीतून जायची, पडदा लावून, मालगुजार घोड्यावरून. दोघं एका वाटेनं पायी कधी चाललेच नव्हते. सुमित्राबाई आधी रीतीप्रमाणं चार पावलं मागं राहिल्या. धानाच्या बांध्या पिवळ्या पडल्या होत्या, धुऱ्यावरची वाट अरुंद होती. मग रस्ता रुंद झाला. भैयाजी थांबले, त्या जवळ येईपर्यंत उभे राहिले, आणि मग दोघं बाजूबाजूनं चालू लागली. पहिल्यांदा बोलायला काही सुचेना. पुढे त्या भाचीच्या लग्नाचं बोलू लागल्या, ते तलावाच्या पाण्याचं, आणि मंडईतले ढोल ऐकू येईपर्यंत बोलणं संपलं नाही.

परतताना मात्र भैयाजींचे पाय भरून आले होते. ते मुकाट्यानं रेंगीत चढले, स्वतःच, आणि सुमित्राबाईंच्या खांद्याला डोकं टेकून गाव येईपर्यंत गाढ झोपले.