जुळवलेले नंबर

जुन्या गाडीची किंमत ठरवायला गेलं की लोक आधी तिला धुऊनपुसून ठेवतात, आणि माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकते. धूळ खाल्लेली गाडी बरी, ती निदान काही लपवत नाही. ताईंच्या शिलाईच्या दुकानामागे उभी असलेली ही चार सिलिंडरची जपानी मोटारसायकल नुसती लखलखत होती.

गाडी ताईंच्या नवऱ्याची. तो गेल्यापासून ती झाकूनच ठेवलेली. आता जागेचा मालक दुकान विकायला निघाला होता. गाडीला चांगला भाव आला तर दुकान ताईंचं, नाहीतर महिनाअखेरीस मशीनसकट रस्त्यावर. हे त्यांनी आडपडदा न ठेवता दारातच सांगितलं.

त्यांचा धाकटा भाऊ गुंड्या माझ्याभोवती घिरट्या घालत होता. वय चाळिशीचं, उत्साह शाळकरी. राहायचा बहिणीकडेच. हाती घेतलेलं एकही काम त्यानं कधी तडीस नेलं नाही, असं ताईंनी त्याच्या तोंडावरच सांगितलं, आणि तो छान हसला.

टाकीचा रंग कारखान्यातला. सायलेन्सर चारही मूळचे. मनातल्या मनात मी भाव वाढवत गेलो. मग गुडघ्यांवर बसलो आणि इंजिनच्या नंबरावर टॉर्च मारला.

फ्रेमवर होता तोच नंबर, शेवटच्या आकड्यापर्यंत.

नंबर जुळणारी गाडी संग्राहक मागतात, हे खरं. पण काही गाड्यांना फ्रेम आणि इंजिनचे नंबर कारखान्यातच वेगवेगळे पडायचे, आणि ही त्यातलीच. दोन्हीकडे एकच नंबर असणं शक्यच नव्हतं. मी बोट फिरवून पाहिलं. धातू घासून गुळगुळीत केला होता, आणि त्यावरचे आकडे जरा जास्तच देखणे होते.

माझा चेहरा बघून ताईंनी गुंड्याला चहा आणायला पिटाळलं.

"इंजिनचा मूळ नंबर खोडलाय, ताई. अशी गाडी लोक चोरीची समजतात. आता फार तर सुट्या भागांच्या भावात जाईल."

ताई कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या. "मागे ठोकाठोक चालली होती खरी. मला वाटलं, गुंड्या एकदाचा कामाला लागला." मग म्हणाल्या, "त्याला सांगू नका हो. जन्मात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलंय त्यानं. बाजार पडलाय म्हणा."

मला संताप आला होता. गुंड्याचा कान पिरगाळावासा वाटत होता. पण ताईंनी हात जोडले आणि मी विरघळलो.

गुंड्या ट्रे घेऊन आला. "मग काका, जुळले ना नंबर?"

"जुळले," मी म्हणालो. या धंद्यात मी असं कधी बोललो नव्हतो, माझी मलाच लाज वाटली. "पण सध्या बाजार पडलाय."

त्याचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. "हात्तिच्या! मग मी आहे ना. पलीकडच्या गल्लीतल्या रंगाऱ्याकडे डिट्टो अशीच गाडी आहे, त्याच्या वडिलांची. त्या बिचाऱ्याचेही नंबर वेगळे निघालेत. उद्या जाऊन जुळवून देतो म्हटलंय. तो जे देईल ते सगळं ताईच्या दुकानाला."

माझा कप हातात तसाच राहिला. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सांगा त्याला," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मी सांगितलं. आवाज चढवायचा होता, पण चढलाच नाही. गुंड्या हातोडीनं काळंनिळं झालेलं अंगठ्याचं नख तेवढं चोळत राहिला.

"म्हणजे मी हात लावला नसता, तर भाव आला असता?"

"चांगला आला असता."

तो बहिणीकडे वळला. "आणि दुकान तुझं झालं असतं?"

ताईंनी ट्रेमधला कप उचलून त्याच्यापुढे धरला. "चहा घे," त्या म्हणाल्या, "निवतोय."