भाडोत्री भालेकरी

घाटातून चालताना सामुराई सरदारसाहेबांची स्वारी साठ माणसांची असे. मिझुसाकाचं ठाणं आलं की ती दुप्पट होई. झाडाझुडपांपुढे मिरवून काय मिळायचं? म्हणून वेशीबाहेर गावचेच हमाल धरून त्यांना दरबारी अंगरखे चढवायचे, आणि गावाने आपल्याच भावा-मेहुण्यांपुढे कपाळ मातीला लावायचं. ठाऊक सगळ्यांना होतं, पण बोलायची सोय नव्हती. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय!

यंदा स्वारीतला मानाचा पिसांचा भाला हमाल गोनरोकूला मिळाला. बायको ओशिमाचे दिवस भरले होते, तरी तो आला. त्याला उठता-बसता बिनकामाचा म्हणणारी सासू ओतोसे आज त्याच्यापुढे वाकणार होती, आणि ते सुख त्याला सोडवेना.

"खाली वाका! खाली वाका!"

ओतोसे दारासमोर वाकलेली दिसली आणि गोनरोकूची छाती फुगली. तेवढ्यात सुईण ओकुमे स्वारीला आडवी जाऊन पळाली. तो हक्क फक्त सुईणीला. ती त्याच्याच घरात शिरली. आत ओशिमा एकटीच होती.

नेमकी तिथेच भोयांनी खांदा बदलायला पालखी टेकवली. स्वारी थांबली, आणि घरातून ट्यँहा ऐकू आलं.

"मुलगी गं, मुलगी!" ओकुमे आतून ओरडली.

स्वारीचा कारभारी चपापला. मूल जन्मलं की बापालाही सोयर; त्याचा हात भाल्याला लागला तर भाला विटाळला, आणि त्याला कडक शिक्षा. भाडोत्री माणसांवर नजर फिरवत त्याने विचारलं, "बाप कुठाय हिचा?"

गोनरोकू सगळं विसरला. 'माझी' म्हणायला त्याचं तोंड उघडलंच होतं.

"बाप?" ओतोसे मातीतूनच बोलली. "तो कुठला घरात, सरकार! बिनकामाचा मेला. इकडे बायको बाळंत होतेय, आणि हा असेल कुठंतरी मिरवत."

आजूबाजूच्या वाकलेल्या पाठी हसण्याने गदगदू लागल्या. कारभाऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. "चला!"

गोनरोकू चालू लागला. सासूचं म्हणणं आज पहिल्यांदाच त्याला शब्दन्‌शब्द पटलं. लेकीचं रडणं मागे पडत गेलं, तरी त्याला मान वळवता येईना, डोळेही पुसता येईनात.

वेशीबाहेर कारभाऱ्याने त्याची पाठ थोपटली. "शाब्बास रे! अगदी खानदानी सामुराई दिसलास. मागे घरदार नसल्यासारखा चाललास. पुढच्या खेपेलाही भाला तुझाच."